आईची डिझाइनं, त्यांचं कुलूप

गडचांदूरमध्ये ‘कंपनी’ म्हटलं की कोणीही सिमेंटच्या कारखान्याकडे हात करून दाखवतं. चिमणी दिसते, भोंगा ऐकू येतो, आणि वाळत घातलेल्या चादरीवर बोट फिरवलं तर कंपनी बोटाला लागते. कंपनीचा राग आला की लोक गेटवर जातात. धूळ वाढली, गेटवर. कोणाला कामावरून काढलं, गेटवर. तिथं जाऊन काही मिळतंच असं नाही, पण आतून एखादा माणूस बाहेर येतो, कपाळाचा घाम पुसतो आणि ‘साहेबांशी बोलतो’ असं म्हणतो. शिव्या द्यायला एक तोंड तरी समोर असतं.

मी ज्या कंपनीबद्दल लिहिते आहे तिला गेट नाही. ती भरतकामाच्या मशीनचं सॉफ्टवेअर विकते. माझ्या आईनं चौदा वर्षांत काढलेली डिझाइनं तिनं आत ठेवली आणि बाहेरून कुलूप लावलं. तिच्याबद्दल मला समतोल लिहायचं नाही. समतोल तिच्या ईमेलमध्ये भरपूर असतो, तो मी महिनाभर वाचला आहे.

आई ब्लाउजच्या पाठी करते. आमच्या धंद्यात ब्लाउजच्या मागच्या भागाला नुसतं ‘पाठ’ म्हणतात. लग्नात नवरी दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या पाया पडत असते, त्यामुळे जमलेल्या बायकांना तिचा चेहरा कमी आणि पाठ जास्त दिसते. सगळी हौस तिथंच. गोंडपिपरी, कोरपना, जिवती, कुठून कुठून बायका आईकडे येतात. त्यांना शहरातल्या दुकानातलं डिझाइन नको असतं. मोहाच्या फुलांचा घोस, धानाची लोंबी, बिबट्याच्या अंगावरचे ठिपके असं काहीतरी आईनं काढलेलं हवं असतं.

आधी ती हातानं भरायची. बटर पेपरवर पेन्सिलीनं नक्षी काढायची, मग रेघेवरून सुईनं बारीक भोकं पाडायची. कागद कापडावर ठेवून त्यावर रॉकेलमध्ये कालवलेल्या पांढऱ्या पावडरीचा बोळा फिरवला की भोकांतून कापडावर ठिपके उतरतात. त्या ठिपक्यांवर टाके. एक कागद पुन्हा पुन्हा वापरता येतो. असे टोचलेले कागद आमच्या घरात गुंडाळ्या करून कपाटावर, पलंगाखाली, दाराच्या मागे उभे असायचे. घराला रॉकेलचा वास होता आणि माझ्या वह्यांनाही. वडील सिमेंट कंपनीत पॅकिंगला असल्यामुळे मला कंपनीच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला होता. तिथं बाकावर शेजारी बसणाऱ्या मुली वही उघडली की नाक मुरडत. मी शाळेत कमी बोलायची, त्याला हे एक कारण होतं. बाकीची कारणं मी कोणाला सांगितलेली नाहीत.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना घरात कम्प्युटरवर चालणारी मशीन आली. सॉफ्टवेअर इंग्रजीत, म्हणून नागपूरच्या डीलरकडे दोन दिवस शिकायला मला पाठवलं. काम मला आवडलं. आईचा कागद स्कॅन करायचा आणि मग टाका कुठून सुरू होईल, कुठे संपेल, देठ आडव्या टाक्यात की तिरप्या, हे एकेक करून मशीनला सांगायचं. एका पाठीला दोन-तीन दिवस जायचे. आई शेजारी स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघत राहायची.

“पाकळी फुगली वं. बारीक कर.”

“मशीनला इतकं बारीक जमत नाही.”

“मशीनले नाई जमत का तुले नाई जमत?”

तोपर्यंतच्या आयुष्यात आम्ही दोघी एकमेकींशी इतकं कधी बोललो नव्हतो.

तयार झालेलं डिझाइन ‘लायब्ररी’त जायचं. ही लायब्ररी आमच्या कम्प्युटरवर नव्हती, कंपनीच्या कम्प्युटरवर होती, कुठेतरी लांब. तिथून ते इंटरनेटवरून थेट मशीनमध्ये उतरायचं, टाके पडले की मशीन ते विसरून जायची. पेनड्राइव्ह नको, झंझट नको. मला हे फार सोयीचं वाटलं. इतकं की एका पावसाळ्यात मी आईला म्हटलं, आता हे कागद कशाला ठेवतेस, वास येतो, वाळवी लागते.

“सगळे त्याच्यात गेले?”

“सगळे.”

“पक्कं आहे ना?”

“पक्कं.”

त्या पावसाळ्यात अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला आम्हाला वेगळा कागद लागला नाही. रॉकेलचे होते, लगेच पेट घ्यायचे.

सॉफ्टवेअर टाकलं त्या दिवशी स्क्रीनवर एक लांबलचक करार आला होता. खाली जात राहिलं तरी संपत नव्हता. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी, आणि मीही तो वाचला नाही. ‘मान्य आहे’ वर बोट दाबलं. आता मी तो तीन वेळा वाचला आहे, म्हणून सांगते, तो वाचला जाऊ नये अशाच हेतूनं लिहिलेला आहे. आमच्या शाळेनं मला इंग्रजी निबंध शिकवले, अर्जाचा नमुना शिकवला, डॅफोडिल म्हणजे काय ते शिकवलं. माणसाला फसवायला हीच भाषा किती शांतपणे वापरता येते, ते शिकवलं नाही.

नक्कल करणं ही आमच्या गल्लीत चोरी समजली जात नाही. आईनंही घेतलेलं आहे. मार्कंड्याच्या देवळातल्या दगडी वेलीचं एक वळण तिच्या कितीतरी पाठींत आहे, आणि टीव्हीवरच्या मालिकांमधले ब्लाउज ती चष्मा लावून बघते. तिच्याकडूनही इतरांनी घेतलं. पण त्याला एक नियम आहे, जो कुठे लिहिलेला नाही आणि सगळ्या कारागिरांना माहीत आहे. ज्यानं नवं डिझाइन आणलं, ती लगनसराई त्याची. तेवढे महिने दुसऱ्यानं ते काढायचं नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. हंगाम संपला की ते सगळ्यांचं. कोणी नियम मोडला तर कोणी काही बोलत नाही, फक्त पुढच्या वर्षी त्याला दोरा उसना मिळत नाही. हा नियम वकिलांशिवाय चालतो. एका हंगामात माणसाची मेहनत वसूल होते आणि नंतर गोष्ट हातोहात फिरते. कॉपीराइटचे कायदे लिहिणाऱ्या शहाण्या लोकांनी आमच्या गल्लीत येऊन एक उन्हाळा काढावा. उन्हानं त्यांची बुद्धी बिघडणार नाही, ती आधीच बिघडलेली आहे.

मागच्या गल्लीत एक चाचा राहतात. आधी जरीचं हातकाम करायचे, मग त्यांनीही आमच्यासारखीच मशीन घेतली, तेच सॉफ्टवेअर, त्याचे पैसे भरून. या सॉफ्टवेअरला एक चावी लागते, अंगठ्याएवढी, कम्प्युटरला मागून खोचायची. ती असल्याशिवाय काही उघडत नाही. एप्रिलमध्ये व्होल्टेज वर-खाली झालं आणि चाचांची चावी जळाली. त्यांनी तक्रार केली. उत्तर आलं की नवी पाठवतो. आठवडा गेला, दुसरा गेला, लगनसराई सुरू झाली आणि चावीचा पत्ता नाही.

चाचा आमच्या दारात आले तेव्हा आई दोरे लावत होती.

“बाई, एक-दोन दिवस तुमची चाबी द्या ना. पार्टी डोक्यावर बसून राह्यली. नवरीची माय तं घरातच येऊन बसली, चा पिऊन राह्यली माह्या घरचा.”

“घ्या ना भाऊ. आमचं आजचं झालं. परवा आणून द्या.”

“उद्याच देतो. नाईतर तुमी म्हणसान, चाबीसंगं डिझाइन बी हजम केली.”

“तुमाले हजम होणार नाई. लई टाके राह्यते मायावाल्यात.”

दोघं हसले. मी दाराशी चहाचे कप घेऊन उभी होते. चावी एकाच कम्प्युटरला चालवायची असते, हे डीलरनं मला शिकवताना सांगितलं होतं. आईला आणि चाचांना ते माहीत नव्हतं. मला होतं. मी फक्त चहा दिला. चाचांची शिडी वर्षातून आठ महिने आमच्याकडे असते. आमच्या मशीनचा पट्टा तुटला तेव्हा त्यांनी स्वतःच्या मशीनचा काढून दिला होता आणि दिवसभर रिकामे बसले होते. अशा माणसाला कराराचं कलम सांगायला जी जीभ लागते, ती मला नाही. आणि असती तरी तिचं काय केलं असतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चावी परत आणली, सोबत कागदात बांधलेली टेंभरं, जंगलातली तेंदूची फळं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन चालू केली तर स्क्रीनवर लाल पट्टी. अनधिकृत वापर आढळल्यामुळे तुमचा परवाना थांबवण्यात आला आहे. लायब्ररीवर टिचकी मारली. तिथं आईच्या सगळ्या डिझाइनांचे छोटे छोटे चौकोन दिसायचे. आता चौकोन होते, पण सगळे राखाडी, आणि प्रत्येकावर एक कुलपाचं चित्र.

“लाइट गेली का?” आईनं आतून विचारलं.

“नाही.”

“मंग आवाज काऊन येऊन नाई राह्यला मशीनचा?”

मी तिला बाहेर बोलावलं. तिनं चष्मा लावला, कुलपं बघितली. गोंडपिपरीच्या एका नवरीची पाठ त्या दिवशी सुरू व्हायची होती. ती पाठ आईनं शेवटी नुसत्या अंदाजानं, लहान करून, हातानं भरली. नवरीला आवडली. आईला आवडली नाही.

मी ईमेल लिहिला. खरं काय झालं ते लिहिलं, शेजाऱ्याची चावी जळाली होती, त्यांनीही पैसे भरलेले आहेत, एक दिवस आमची वापरली. मिनिटाच्या आत उत्तर आलं. लिहिलं होतं की आम्हाला लिहिल्याबद्दल त्यांना अतिशय आनंद झाला आहे. आमची निर्मिती त्यांच्यासाठी मोलाची आहे. खाली एका मुलीचं नाव होतं आणि हसरा चेहरा. ती मुलगी नाही हे मला तिसऱ्या ईमेलनंतर कळलं, कारण तिन्ही उत्तरांत तीच वाक्यं होती, तसाच आनंद. मी कमी बोलणारी आहे, आनंदाचं ढोंग मला लांबून ओळखू येतं.

चौथ्या उत्तरात एक वाक्य आलं जे मी वहीत उतरवून ठेवलं. त्याचा अर्थ असा, की डिझाइनांची मालकी पूर्णपणे तुमचीच आहे आणि राहील, मात्र ती उघडून बघण्याची परवानगी परवान्यावर अवलंबून आहे. हे वाक्य मी आईला मराठीत सांगितलं. तिनं विचारलं, “म्हणजे गाय माई, पण कासंडी त्याईची?” मी हो म्हटलं, धार काढायचं भांडं त्यांचं. ती म्हणाली, “आन दूध?”

दुधाचं उत्तर करारात होतं, बरंच खाली. लायब्ररीत ठेवलेली डिझाइनं कंपनी आपली सेवा सुधारण्यासाठी वापरू शकते. नक्कल करू शकते, बदलू शकते, इतरांना दाखवू शकते, जगभर, कायम, काही न देता. त्यांनी आईचं एखादं डिझाइन घेतलं असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचा मार्ग नाही. मी एवढंच म्हणते की त्यांनी ते घेतलं असतं तर ते नियमात बसलं असतं, आणि चाचांनी एक दिवस चावी नेली तर ते बसलं नाही. असा कायदा जगात कोण लिहितं हे मला माहीत आहे. ज्याच्या घरात छापखाना आहे तो लिहितो.

मग मी नागपूरच्या डीलरला फोन केला. फोनवर बोलायचं म्हणजे मला आधी कागदावर लिहून घ्यावं लागतं. मी लिहिलेलं वाचून दाखवलं. तो आधी हसला.

“म्याडम, तुमी पण ना! चाबी देता तर नेट बंद करून द्यायचं. इतकं साधं!”

“आता काय करता येईल?”

“क्रॅकवालं टाकून देतो. दहा मिनटाचं काम. अर्धा बाजार त्याच्यावरच चालून राह्यला. ना चाबी, ना पैसे.”

“त्यात आमची जुनी डिझाइनं उघडतील?”

“जुनी कशी उघडतील? ती त्यांच्याकडं आहेत. नवी बनवा ना! तुमच्या मम्मीला काय कमी आहे?”

मी फोन ठेवला. बराच वेळ मला हे पचेना. ज्यांनी पहिल्यापासून चोरीचं वापरलं त्यांची डिझाइनं त्यांच्याच कम्प्युटरवर होती, सुखरूप. ज्यांनी पैसे भरले, पावती ठेवली, जिथं विचारलं तिथं खरी माहिती दिली, कुलूप फक्त त्यांना लागलं. चोर पकडायला लावलेला सापळा आणि चोर सोडून सगळे त्यात.

त्या संध्याकाळी आई आणि वडील जेवत होते. आईनं मध्येच विचारलं,

“त्याईचं हापिस कुठी आहे?”

“बाहेरच्या देशात.”

“इथी कोणीच नाई?”

“बंगळुरूचा एक पत्ता आहे. पण त्याच मजल्यावर खूप कंपन्यांचे पत्ते आहेत.”

“म्हणजे भाड्याची खोली.”

“तसंच समज.”

“चार बाया घेऊन गेलो तं कोणी भेटन?”

“कोणी नसतं तिथं, आई.”

“मंग माल कुठी ठेवते?”

“कोणता माल?”

“माया पाठी.”

वडील म्हणाले, “मोर्चा न्यायचा तं कम्प्युटरवरच न्या आता. मी नारे देतो इथूनच.” आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी भाजी न मागता कोरडी पोळी संपवली.

महिनाभर मी लिहीत राहिले. शेवटी एक वेगळं उत्तर आलं. वाक्यं थोडी ओबडधोबड होती, म्हणजे बहुधा माणसानं लिहिलं असावं. आमची अडचण समजून घेऊन, एकदाच, विशेष बाब म्हणून ते परवाना पुन्हा सुरू करायला तयार होते. एक फॉर्म भरायचा. मी नियम मोडला हे मान्य करायचं, आणि चावी ज्याला दिली त्याचं नाव, पत्ता, फोन नंबर लिहायचा. त्या तिन्ही रकान्यांपुढे लाल चांदणी होती, म्हणजे ते भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही. अमुक तारखेपर्यंत भरला नाही तर लायब्ररी कायमची पुसली जाईल.

मी आईला दुसऱ्यांदा वाचून दाखवत होते तेवढ्यात चाचा आले. वडिलांनी त्यांना पानठेल्यावर सगळं सांगितलं होतं. ते आत येऊन सरळ माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

“टाक पोरी माझं नाव. मी का घाबरून राह्यलो त्याहिले? पूर्ण नाव टाक, बापाच्या नावासगट.”

“चाचा, तुमचा परवाना बंद करतील.”

“करू दे ना. फासी देते का?”

आईनं विचारलं, “भाऊ, तुमची नवी चाबी आली ना?”

“आली परवा.”

“तुमच्या डिझाइनी बी त्याच्यातच आहेत ना?”

चाचांनी माझ्या खुर्चीवरचा हात काढून घेतला. त्यांच्या लायब्ररीत त्यांच्या वडिलांच्या हातची जरीची कामं होती, त्यांच्या मुलीनं एकेक करून चढवलेली. ती मी बघितली होती.

“आहेत,” ते म्हणाले. “पण गलती मायी होती बाई.”

“गलती कोणाचीच नवती. चाबी मागतली, चाबी देली. बसा चुपचाप. चा घ्या.”

“बाई, तुमी आयका तं खरं…”

“बसा म्हणलं ना. आता का हातपाय जोडू का तुमचे?”

ते बसले. आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “बंद कर ते.”

“आई, मग सगळं जाईल.”

“आयकलं मी.” आणि मग हळूच, चाचांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, पण मला ऐकू येईल असं, “पक्कं आहे म्हणे.”

तिला थोर वगैरे ठरवायचं नाही मला. ती त्या दिवशी माझ्यावर चिडलेली होती आणि पुढचे कित्येक दिवस चिडलेली राहिली. तिनं चाचांचं नाव दिलं नाही, त्यात तिला विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. विचार मी केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारात गेली होती तेव्हा मी फॉर्म पुन्हा उघडला. चाचांचं नाव लिहिलं. पत्ता लिहिला, आमच्या पत्त्यात फक्त गल्ली बदलायची होती. फोन नंबर मला तोंडपाठ आहे. लाल चांदण्या एकेक करून गेल्या आणि खालचं बटण हिरवं झालं. मी बटणाकडे बघत बसले. मला चाचांची दया आली नाही. मला फक्त असं दिसलं की हा फॉर्म बनवणाऱ्या माणसाला माझ्यासारखी माणसं असतात हे माहीत आहे. घाबरट, नियम पाळणारी, इंग्रजी येणारी, घरात एकटी. त्यानं बटणाला हिरवा रंग माझ्यासाठी दिला होता. त्याला मी इतकी ओळखू यावी याचा मला असा संताप आला की मी तिन्ही रकाने पुसले. हे आईला मी सांगितलेलं नाही.

मग मी त्यांना उत्तर लिहिलं. शाळेत दहा वर्षं शिकवलेली ‘आदरणीय महोदय’ची भाषा सोडून पहिल्यांदाच इंग्रजीत लिहिलं. तुम्ही आमच्या घरात येऊन आम्हाला शेजाऱ्याचं नाव विचारता. आमच्याकडे हे काम करणाऱ्याला काय म्हणतात ते तुमच्या भाषेत नीट सांगता येत नाही. ती डिझाइनं माझ्या आईची आहेत. ती परत करा किंवा निदान कागदावर छापून पाठवा, पोस्टाचा खर्च आम्ही देऊ. मिनिटात उत्तर आलं. आम्हाला लिहिल्याबद्दल आनंद झाला. आजच्या आमच्या सेवेला किती तारे द्याल?

तारखेनंतर मी उघडून बघितलं. राखाडी चौकोनही नव्हते. कोऱ्या पानावर लिहिलं होतं, तुमची लायब्ररी रिकामी आहे, पहिलं डिझाइन बनवायला सुरुवात करा.

लोक आम्हाला समजवायला आले. सगळ्यांनी एकच सांगितलं, कला हातात असते, ती कोण नेणार. ऐकायला बरं वाटतं. आईनं एकीला सरळ सांगितलं, “हातात काई राहत नाई बाई. एकदा काढलं का निघून जाते. मनून तं कागदावर काढा लागते.” मलाही असंच वाटतं. जे गेलं ते गेलं. जुन्या गिऱ्हाइकांकडून ब्लाउज मागवून बघितले. अर्धे कोणाकोणाला देऊन टाकलेले, काही उसवून मोठे केलेले, काहींचा रंग एकमेकांत उतरलेला. चार-दोन पाठी नीट मिळाल्या. त्या आई आता पुन्हा बटर पेपरवर काढते आणि सुईनं टोचते. मशीन चालते, चाचांच्या मुलीनं दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालवायला शिकवली. डिझाइनं मी आता आमच्याच कम्प्युटरवर ठेवते, आणि कागद कोणी हलवायचा नाही.

मागच्या आठवड्यात जिवतीची एक मुलगी आली. तिला तिच्या वहिनीच्या लग्नातलीच पाठ हवी होती, मोहाचा घोस असलेली. ती पाठ आईच्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी एक. वहिनीचा ब्लाउज पुरात गेला होता, पण लग्नाचा फोटो मोबाइलवर होता. वहिनी सासूच्या पाया पडते आहे, पाठ कॅमेऱ्याकडे. मी फोटो मोठा केला. आईनं चष्मा लावला, कागद पसरला आणि काढायला घेतलं. डावीकडचा घोस आला, उजवीकडचा आला, खालची किनार आली. मग पेन्सिल थांबली. मधोमध, मानेपासून कमरेपर्यंत, फुलं माळलेली जाड वेणी होती.

“इथी काय होतं वं?” आईनं मला विचारलं.

त्या जागेतला एकेक टाका मी बसवला होता. देठ होते, इतकं आठवत होतं. किती आणि कुठे वळलेले, ते नाही. मी डोळे मिटून बघितलं, ती स्टुलावर बसून ‘बारीक कर’ म्हणत होती तेही आठवलं, पण काय बारीक करायचं होतं ते आठवलं नाही.

“नाही आठवत,” मी म्हटलं.

मुलगी म्हणाली, “काईबी टाका ना बाई. माई वेणी बी लांब आहे. झाकून जाईन.”

आईनं तिच्याकडे बघितलं, मग फोटोकडे. पेन्सिल तिनं खाली ठेवली नाही. नुसती हातात धरून बसली.